जुन्या जीपच्या पायांत फौजी बूट

वाशीसारख्या आखीव गावात एखादी जुनी जीप दिसली की माणसे अजूनही मान वळवून पाहतात. सेक्टरांचे चौकोन, रुंद रस्ते, सोसायटीच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या गुळगुळीत गाड्या. आणि त्यांच्यामध्ये कापडी छपराची, चपट्या नाकाची, गुडघे वर काढून बसल्यासारखी दिसणारी जीप. तिला धड दारे नसतात, पावसात ती आतून भिजते, आणि खड्ड्यातून गेली की पाठीचे मणके एकेक करून मोजून देते. तरीही तिचा मालक तिच्यावर जीव टाकतो. शनिवारी रात्री तिच्यात दोर, फावडे आणि पाण्याचे कॅन भरले जातात आणि रविवारी पहाटे ती कर्जतच्या, मुरबाडच्या नाहीतर माळशेजच्या वाटेला लागते. मागच्या बाकावर कधी मित्र असतात, कधी बायको-मुले, तर कधी हौसेने निघालेले आजोबासुद्धा!

अशा मालकाला आज ना उद्या एक मोह पडतोच. तो म्हणजे फौजी चाकांचा. जीप दिसायला फौजी, मग तिच्या पायांत बूटही फौजीच हवेत. जाड रबराच्या ठसठशीत गुटक्यांचे टायर आणि मधोमध बोल्टांची माळ असलेली भक्कम डिस्क. 'डिस्पोजलचा माल' हे शब्द कानावर पडले की अर्धा व्यवहार तिथेच होतो. फौजेने वापरलेले म्हणजे दणकट आणि फौजेने टाकलेले म्हणजे स्वस्त, असे साधे गणित त्यामागे असते. ते काही अंशी खरे आहे. पण ज्या अंशी ते खोटे आहे, तो अंश घाटाच्या वळणावर महाग पडतो. म्हणून या खरेदीचा विचार घरातल्या सगळ्यांनीच केलेला बरा.

रणांगणातून बाजारात

जीप ही जन्मानेच फौजी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे तिच्याच वंशातल्या गाड्या गावोगावच्या पोलीस चौक्या, पाटबंधारे खाते, साखर कारखाने आणि प्रचारसभा यांच्या कामी आल्या. इकडे फौजेसाठी जबलपूरच्या कारखान्यात निस्सान पेट्रोल या जपानी गाडीवरून 'जोंगा' तयार होऊ लागली. १९६९ पासून १९९९ पर्यंत ती बनत होती. तिचे सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन ताकदीला जबर आणि तहानेलाही तितकेच जबर! त्यानंतर आली मारुतीची जिप्सी. १९८५ साली बाजारात आलेली ही हलकी गाडी पुढे फौजेचीही लाडकी झाली.

फौजेतली गाडी दुरुस्तीच्या खर्चापलीकडे गेली की ती मोडीत निघते. तिच्याबरोबर, किंवा तिच्याशिवायही, न वापरलेले सुटे भाग आणि टायर गठ्ठ्यागठ्ठ्याने विकले जातात. पूर्वी डेपोच्या आवारात बोली पुकारल्या जात. आता बरेचसे लिलाव सरकारी मालकीच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत संगणकावर होतात. पण एक अट तेव्हाही होती आणि आजही आहे : माल 'जसा आहे, जिथे आहे' त्या स्थितीत उचलायचा. नंतर तक्रार नाही. लिलावात मोठा गठ्ठा घेणारा व्यापारी तो फोडतो, त्यातला काही माल दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. आपल्यापर्यंत टायर येतो तेव्हा त्याची जन्मकथा कुणालाच सांगता येत नसते. सुदैवाने टायर स्वतः बरेच काही सांगतो. ते फक्त वाचता यायला हवे.

टायरची जन्मपत्रिका

सगळ्यांत आधी वाचायचे ते वय. टायरच्या बाजूवर, बहुधा एका लांबट चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' असे असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. आकडे तीनच असतील, तर तो २००० सालच्या आधीचा आहे असे समजावे आणि दुकानदाराला नमस्कार करून निघावे. मग तो टायर कितीही कोरा करकरीत दिसो.

इथेच डिस्पोजलच्या मालाची खरी गोम आहे. फौज टायर साठवून ठेवते. तिला ठेवावेच लागतात. त्यामुळे एकदाही रस्त्याला न लागलेला, गुटक्यांवरची बारीक रबरी लव तशीच असलेला टायर पंधरा वर्षांचा असू शकतो. पण रबर काही लोणच्यासारखे मुरत नाही. हवेतला ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होते, भेगाळते आणि आतल्या थरांची पकड सुटू लागते. बाहेरून जाडजूड गुटके दिसतात आणि आत मात्र तो पापडासारखा ठिसूळ झालेला असतो. टायर कंपन्या सर्वसाधारणपणे दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, मग टायर वापरलेला असो वा नसो. तेव्हा बाजू अंगठ्याने दाबून वाकवावी आणि गुटक्यांच्या मुळाशी व बाजूच्या कडेला नीट पाहावे. केसासारख्या भेगा दिसल्या तर तो टायर झाडाला झोका बांधण्यापुरताच उपयोगी.

वयानंतर वाचायचे ते वेगाचे अक्षर. टायरवर भार सांगणाऱ्या आकड्याला चिकटून एक रोमन अक्षर असते. 'एफ' म्हणजे ताशी ८० किलोमीटर, 'जी' म्हणजे ९०, 'जे' म्हणजे १००, 'एल' म्हणजे १२०. चिखलासाठी बनवलेल्या जड टायरांची मर्यादा पुष्कळदा खालची असते. फौजेचा ताफा सावकाश जातो, त्याला ती पुरते. आपण मात्र कळंबोलीला द्रुतगती मार्गावर चढलो की मागून येणाऱ्या गाड्यांच्या धाकाने पाय खाली दाबतो. जाड रबर वेगात तापते, तापलेल्या रबराचे थर सुटतात, आणि टायर फुटतो तो नेमका भर वेगात.

त्या नक्षीचे गूढ

फौजी टायरची ओळख म्हणजे त्याची नक्षी. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आडवे, सरळ, जाडे गुटके. गाडी पुढे गेली काय आणि मागे गेली काय, ठसा एकच. शत्रूला चिखलातल्या खुणांवरून गाडीची दिशा कळू नये म्हणून ही युक्ती केली, असे हौशी मंडळी रंगवून सांगतात. त्यात तथ्य असो वा नसो, व्यवहारी फायदा उघड आहे : हा टायर डाव्या-उजव्या कोणत्याही चाकाला, कोणत्याही दिशेने बसतो. युद्धाच्या धामधुमीत स्टेपनी लावताना तेवढाच विचार कमी.

आता तुम्ही म्हणाल, फौजेने निवडलेली नक्षी म्हणजे चिखलाला सर्वोत्तमच असणार. तसे नाही. सुक्या मातीच्या वाटेवर आणि खडकाळ चढावर हे टायर छान चालतात. जाड बाजूंमुळे दगडाने सहसा फाटत नाहीत. ते अरुंद असतात, त्यामुळे पातळ चिखल कापून खालच्या कठीण थराला भिडतात. पण कोकणातली लाल चिकट माती किंवा घाटावरची काळी माती या गुटक्यांच्या फटींत गच्च बसते आणि फिरताना बाहेर फेकली जात नाही. मग टायर गोल गुळगुळीत लाटण्यासारखा होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. त्याहून मोठी अडचण ओल्या डांबराची. पाणी कापणाऱ्या बारीक चिरा या नक्षीत जवळजवळ नसतात. जुलैतल्या पावसात वाशीच्या खाडीपुलावर किंवा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की जीप घसरू लागते.

आणि हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर काय दिसते? वाशीच्या जीपचे शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर आणि सिमेंटवरच जातात. पाम बीच मार्गावर या टायरांचा घों-घों आवाज शेजारच्या गाडीलाही ऐकू जातो. ज्याची जीप प्रदर्शनात उभी करायची आहे, त्याने ही नक्षी जरूर घ्यावी. ज्याच्या जीपमध्ये मुले बसतात, त्याने नव्या बनावटीचा, डांबर व माती दोन्हींना चालणारा टायर घ्यावा. दिसायला तो थोडा कमी फौजी असेल, पण मुसळधार पावसात जीप थांबवील.

डिस्क : पाच भोके की सहा?

टायरइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष डिस्ककडे द्यावे. विलिस आणि तिच्या वंशातल्या महिंद्रा जीपांच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर. मिलिमीटरमध्ये १३९.७. जिप्सीचेही पाच बोल्ट आणि तेच वर्तुळ. निस्सान पेट्रोलच्या घराण्यात वर्तुळ तेच, पण बोल्ट सहा. म्हणजे 'साडेपाच इंची आहे, बसेल' एवढ्या शब्दावर विसंबू नये. भोके मोजावीत. मधले मोठे भोक हबवर बसते का ते पाहावे. एका बनावटीची डिस्क दुसऱ्या गाडीवर बोल्टांना जुळूनही मधल्या भोकात अडकू शकते किंवा ब्रेकच्या ड्रमला घासू शकते. नटाचे निमुळते तोंड डिस्कच्या भोकात नीट रुतते का, हेही पाहावे. नुसते टेकलेले नट शंभर किलोमीटरात सैल होतात.

जुन्या विलिस जीपांची आणखी एक खोड आहे. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून केलेली ती सोय. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक पाण्यावर उभा राहून जोर लावतो, आणि नट सुटण्याऐवजी बोल्टच तुटतो.

डिस्क वापरलेली असेल तर चार गोष्टी तपासाव्यात. टायरची कडा जिथे बसते तिथे गंजाचे खड्डे नकोत. बोल्टांची भोके लांबट झालेली नकोत. भोकांभोवती भेगा नकोत. रंगाखाली त्या लपतात, म्हणून तारेच्या ब्रशने रंग खरवडून पाहावे. आणि कुठेही वेल्डिंग केलेले नको. डिस्क हबवर चढवून, जीप जॅकवर उचलून, खडू स्थिर धरून चाक फिरवावे. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली तर डिस्क सरळ. एका बाजूलाच उमटली तर ती वाकलेली आहे, आणि तिचा थरथराट रोज स्टिअरिंगमधून हाताला जाणवणार.

जीवावर बेतणारे नट

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. युद्धकाळातल्या जीपांना १९४२ पासून ज्या खास डिस्क बसवल्या गेल्या, त्या दोन अर्ध्या भागांच्या असत. टायर मध्ये ठेवून दोन्ही अर्धे बाहेरून आणि आतून जोडायचे व नटांनी आवळायचे. मैदानात, यंत्राविना टायर बदलता यावा, आणि हवा गेली तरी टायर डिस्कवरून निसटू नये, हा हेतू. याच त्या 'कॉम्बॅट' डिस्क, ज्यांच्यासाठी शौकीन आज जीव टाकतात.

अशा डिस्कवर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतले पाच नट चाक हबला धरून ठेवतात. बाहेरचे नट डिस्कचे दोन अर्धे एकमेकांना धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट कुणी सोडले, तर काय होते? हिशेब करा. चौरस इंचाला ३० पौंड हवा. टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस इंच. म्हणजे १२ हजार पौंडांचा, पाच टनांहून अधिक जोर दोन्ही बाजूंना बाहेर ढकलत असतो. त्यातला मोठा वाटा त्या मूठभर नटांवर तोललेला असतो. शेवटचे दोन-तीन नट राहिले की ते तुटतात आणि लोखंडाचा अर्धा भाग समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. वाचण्याइतका वेळ मिळत नाही.

एपीएमसीच्या आसपास ट्रकांच्या टायरचे काम करणारे कारागीर या धोक्याचा भाऊ चांगला ओळखतात. जुन्या ट्रकच्या चाकात टायर अडकवून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट न बसता हवा भरली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. अमेरिकेत अशा अनेक भागांच्या चाकांसाठी कामगार सुरक्षेचा स्वतंत्र नियम १९८० साली करावा लागला : हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब नळीने भरा आणि समोर उभे राहू नका. आपल्याकडे रस्त्याकडेच्या टपरीत पिंजरा क्वचितच असतो. पण ट्रकवाल्याला निदान लॉक रिंग ठाऊक असते. दोन अर्ध्यांची जीपची डिस्क मात्र कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या पोराने जन्मात पाहिलेली नसते. त्याच्या दृष्टीने नट म्हणजे नट, दिसला की पाना लावायचा.

म्हणून अशी डिस्क घेतलीच, तर काही पथ्ये पाळावीत. बाहेरच्या वर्तुळाचे नट लाल रंगाने रंगवावेत. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन पूर्ण काढून सगळी हवा सोडावी आणि व्हॉल्व्हमध्ये तार घालून मार्ग मोकळा असल्याची खात्री करावी. टायर चढलेला असताना डिस्कवर वेल्डिंग कधीही करू नये, हवा काढलेली असली तरी. आतल्या तापलेल्या रबराच्या वायूंनी स्फोट होतो. आणि पंक्चर काढताना मालकाने स्वतः शेजारी उभे राहून हे सगळे समजावून सांगावे. चहा प्यायला जाऊ नये. जीपची हौस आपली आणि जीव त्या पोराचा, असा सौदा होता कामा नये. एवढे जमणार नसेल, तर एकसंध डिस्क घ्यावी. ती युद्धकाळातही होतीच, त्यामुळे अस्सलपणालाही बाध येत नाही.

मोठे म्हणजे चांगले?

जुन्या जीपचा मूळ टायर ६.००-१६ मापाचा : सहा इंच रुंद, सोळा इंची डिस्कवर बसणारा. त्याऐवजी ७.५०-१६ चढवला की जीप एकदम रुबाबदार दिसते. टायरची उंची साधारण तीन इंचांनी वाढते. पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, म्हणजे दीड इंच, वाढते. बदल्यात काय जाते ते पाहा. चाक सुमारे दहा टक्के मोठे झाले, म्हणजे काटा साठ दाखवत असताना जीप सहासष्टच्या घरात असते. चढावर प्रत्येक गिअर तितकाच कमजोर पडतो. जड चाक थांबवायला जुन्या ड्रम ब्रेकला जास्त वेळ लागतो. स्टिअरिंग जड होते, आणि पूर्ण वळवल्यावर टायर पाट्यांना किंवा मडगार्डला घासतो. शिवाय रुंद टायरला रुंद डिस्क लागते. विलिसच्या साडेचार इंची डिस्कवर तो नीट बसत नाही, त्याला साडेपाच ते सहा इंच हवेत.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, ही अट फोर व्हीलला फार कडक आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना जोर दिला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधले जातात. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजके असतील, तर दोन्ही आस वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि ताण गिअरपेटीवर येतो. चिखलात चाक थोडे घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. रेडियल आणि जुन्या पद्धतीचे आडव्या धाग्यांचे टायर एकाच जीपवर मिसळू नयेत. आणि घ्यायचे तर पाच घ्यावेत. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती असून नसल्यासारखीच.

कायद्याची बाजू

फौजेतून निवृत्त झालेली गाडी नागरी रस्त्यावर आणायला बंदी नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिचा उल्लेख आहे. नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेले, नमुना २१ मधले विक्रीचे मूळ प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर गाडी कितीही स्वस्त असो, ती आरटीओच्या दारात अडकणार. त्याच नियमांनुसार टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. आणि शौकिनांचा हिरमोड करणारा आणखी एक नियम त्यात आहे : फौजेचा तो गडद हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही वापरता येत नाही. बूट फौजी घालता येतील, गणवेश नाही!

मापाच्या बाबतीतही मोकळे रान नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. मापाबाहेरची चाके पासिंगच्या वेळी अडचणीची ठरतात, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही.

मग करावे काय? मोह पूर्ण सोडावा असे नाही. डिस्पोजलच्या बाजारात घ्यावे ते लोखंड : निर्दोष, एकसंध, न गंजलेली डिस्क. तिला वय आडवे येत नाही. घासून, रंगवून ती पुढची वीस वर्षे चालेल. रबर मात्र ताजे घ्यावे, मूळ मापाचे, पाचही एकाच वेळी. त्यांच्याबरोबर ट्यूब आणि फ्लॅपही नवेच. बसवल्यावर पहिले ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळावेत, हवा गार टायरमध्ये मोजावी, आणि मगच घरच्यांना विचारावे, की येत्या रविवारी माळशेजला कोण कोण येणार?